गोळी म्हणायचं नाही

जावई पहिल्याच दिवशी मेला, आणि तोही चुकीचा मेला.

आता मरण्यात काय चूक आणि काय बरोबर, असं तुम्ही म्हणाल. त्यालाही तसंच वाटलं होतं. गवतात उताणा पडून, छातीवर हात दाबून तो जीव खाऊन ओरडला, "आई गं, गोळी लागली!" आणि डोळे मिटून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटू लागला. कुणी वाहवा कसं करत नाही म्हणून त्यानं एक डोळा उघडला, तर समोर सासरे उभे. अंगात चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, हातात तलवार, आणि चेहरा असा की आता खरंच मारतील.

"काय लागलं म्हणालास?"

"गोळी, बाबा."

"इथं बाबा नाही, सेनापती म्हणायचं. कुणी झाडली गोळी?"

जावयानं शत्रूकडे बघितलं. शत्रूही त्याच्याकडेच बघत होता आणि ओठ दाबून हसत होता.

"अरे शहाण्या, ही लढाई झाली तेव्हा ह्या मुलखात बंदुकीचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं! बाण लागू दे, भाला लागू दे, घोड्याची लाथ लागून मेलास तरी चालेल. पण गोळी? हा शब्द माझ्या रणांगणावर पुन्हा ऐकला, तर अख्ख्या छावणीचे कांदे तुझ्या एकट्याकडून सोलून घेईन!"

"बरं," जावई म्हणाला.

"आणि आजचेही सोल."

जावयानं आ वासला तो वासलेलाच राहिला. हेच का ते सासरे? घरी गेलं की "अहो जावईबापू, बसा, पंखा लावू का?" म्हणणारे? पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नळांचे नकाशे काढून निवृत्त झालेले, दूधवाल्यावरसुद्धा आवाज न चढवणारे? जगात काही नसलं तरी जावयाला अरे-तुरे कुणी करत नाही, एवढा एक आधार माणसाला असतो. तोही गेला बिचाऱ्याचा.

तर ही सगळी भानगड अशी. काही लोक रविवारी पत्ते कुटतात, काही गळ टाकून मासे धरत बसतात, आणि काही लोक शेकडो वर्षांपूर्वी होऊन गेलेली लढाई पुन्हा लढतात. नदीकाठच्या माळावर वर्षातून एकदा ही गर्दी लोटते, आणि तिच्यासमोर ती लढाई जशी झाली तशी करून दाखवायची. उरलेलं वर्ष तिची तालीम. लढाईत सासऱ्यांची बाजू हरते. सेनापती टेकाडावर एकटा उरतो, घाव लागून गुडघ्यावर येतो, लांबलचक भाषण करतो आणि मग मरतो. हे मरण सासरे कित्येक वर्षं मरत आले होते. त्यांच्या मरणाची ख्याती होती म्हणा ना! बाया घरून जादा रुमाल घेऊन यायच्या.

जावयाला ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाइकाला गादीवर झोपवायचं, गिऱ्हाईक लाजलं तर स्वतः झोपून दाखवायचं, हे त्याचं काम. "नव्या माणसाला तिथं आधी मरायलाच लावतात," बायको म्हणाली होती. "तुला जमेल. नुसतं पडून तर राहायचंय."

पण तिनं त्याला पाठवलं ते पडून राहायला नव्हे. थंडीच्या सुरुवातीला बाबांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. दुखलं की तिथल्या तिथं एक जिभेखाली धरायची, उशीर केला तर जिवावर बेतेल. आणि लढाया बंद. बाबांनी गोळ्या आणल्या, लढाया काही बंद केल्या नाहीत. ही लढाई भरवणाऱ्या मंडळाचा नियम असा की ज्याचं काळीज अधू, त्यानं मैदानात पाऊल टाकायचं नाही, तंबूपाशी झेंडा धरून उभं राहायचं. "मी झेंडा धरू? मी?" बाबा कडाडले, आणि त्यांनी मुलीला शपथ घातली की मंडळात एका शब्दानं कुणाला कळता कामा नये. बरं, निदान गोळ्या तरी जवळ ठेवाव्यात! तर म्हणे, सेनापतीच्या अंगरख्याला खिसा नव्हता. ह्याला काय म्हणावं?

"म्हणून तू जा," बायको म्हणाली. ती भांडी घासत होती आणि एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. "गोळ्या तुझ्यापाशी ठेव, आणि त्यांच्या जवळपास मर. उगाच लांब जाऊन मरू नकोस. मला बाप एकच आहे रे."

दुसऱ्या तालमीला जावयानं नवाच घोळ घातला. त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. तालमीपुरता चष्मा चालायचा. झटापटीत कुणाची तरी ढाल लागली, चष्मा उडाला आणि जगाचं धुकं झालं. तो रांगत गवत चाचपू लागला आणि ओरडला, "चष्मा! अहो, चष्मा!"

अन् काय सांगू, सगळं माळरान थिजलं. उगारलेल्या तलवारी वरच्या वर राहिल्या, ढोल गप्प झाला, धावता घोडा लगाम ओढून उभा केला. दोघं जण औषधांची पेटी घेऊन पळत आले. "कुठं लागलं? हाड मोडलं का? रक्त कुठंय?"

"रक्त नाही," जावई म्हणाला. "चष्मा पडलाय."

शत्रूचा सरदार म्हणजे एरवी दातांचा डॉक्टर. सगळे त्याला दातवाला म्हणत. त्यानंच मग कपाळाला हात लावत समजावलं. "हे बघा जावईबापू, लढाईत सगळेच बोंबलतात, मेलो, वाचवा, धावा. मग खरंच कुणाचं काही मोडलं तर कळणार कसं? म्हणून एक शब्द ठरलाय, त्या काळात नसलेला. तो कानावर आला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं."

"आणि तो शब्द?"

"चष्मा," दातवाला म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नव्हतंच कुणी सांगितलं. ज्यानं सांगायचं त्याला वाटलं सासऱ्यांनी सांगितलं असेल, आणि सासरे बोलले ते फक्त गोळीबद्दल. त्या दिवसापासून जावयाची सोय राहिली नाही. येणारा-जाणारा विचारी, "काय, सापडला का?" आणि अंगभर चिलखत घातलेली दांडगी माणसं पोरांसारखी फिदीफिदी हसत. सासरे हसले नाहीत. त्यांनी कांद्याच्या पोत्याकडे नुसतं बोट दाखवलं. जावई सोलत बसला. छावणीत एवढ्या तलवारी, पण सगळ्या मुद्दाम बोथट केलेल्या. धार म्हणून होती ती त्याच्या हातातल्या सुरीला.

"पुन्हा तो शब्द तोंडातून काढशील तर विचार करून काढ," सासरे मागं येऊन म्हणाले. "नाहीतर खरी वेळ येईल तेव्हा कुणी ऐकणार नाही."

असा तो दिवस उजाडला. माळाच्या कडेनं माणूसच माणूस. खेळण्यांचे ठेले, फुगेवाले, कोपऱ्यात एक रुग्णवाहिका, आणि तिच्या टपावर बसून तिचाच चालक खेळ बघायला सज्ज. मैदानात जायच्या वाटेवर तंबू, आणि तंबूच्या तोंडाशी झडतीबाई. ह्या बाई एरवी कोर्टात वकिली करायच्या आणि इथं मैदानात जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायच्या. घड्याळ, मोबाईल, अंगठी, चेन लावलेले कपडे, त्या काळात नसलेली एकही चीज त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. सापडलेलं सगळं पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बाईंच्या गळ्यात.

"चष्मा," बाई म्हणाल्या.

जावयानं चष्मा काढून दिला. बाईंचा चेहरा धुक्यात गेला, पण हात काही गेला नाही. तो थेट जावयाच्या कमरपट्ट्याशी आला आणि दोन बोटांनी गोळ्यांचं चकचकीत पाकीट ओढून काढलं.

"हे काय? उन्हात चमकलं तर शेवटच्या रांगेपर्यंत दिसेल!"

सासरे मागेच उभे होते. चेहरा दिसत नव्हता, पण चिलखताची कुरकुर थांबली होती. खरं सांगावं तर सेनापतीच्या हातात आज झेंडा येणार. न सांगावं तर... त्यानं सासऱ्यांच्या दिशेनं बघितलं. म्हातारा काही बोलला असता तर! नाही बोलला. टोपाचा पट्टा घट्ट करत पुढं निघून गेला.

"डोकेदुखीच्या आहेत," जावई म्हणाला.

"मेल्यावर डोकं दुखत नाही," बाई म्हणाल्या आणि पाकीट पेटीत गेलं. एक तरी सुटी काढून घ्यावी असं त्याच्या मनात येईपर्यंत कुलूप लागलं, ढोल वाजला आणि मागच्या माणसानं त्याला ढकललं. चला, तासाभराचा तर खेळ, त्यानं मनाला समजावलं. आपलं मन समजूतदार असतं हो, नको तेव्हा.

जावई लवकरच मेला. ह्या खेपेला बरोबर मेला. बाण लागला असं ओरडला, अंगरख्याच्या भोकात लपवलेला बाण छातीवर उभा केला, रंगाची पिशवी फोडली, आणि बायकोच्या आज्ञेप्रमाणे टेकाडाच्या अगदी पायथ्याशी पडला. मेल्यावर काय वाट्टेल ते होवो, हलायचं नाही. मुंगी चावली तरी नाही. हा नियम सासऱ्यांनीच शिकवला होता. "माझ्या मैदानावर मेलेला माणूस उठत नाही," असं बजावून शिकवला होता.

तो पडल्या पडल्या ऐकत होता. दिसत तर काहीच नव्हतं, नुसते रंगांचे गोळे इकडून तिकडे पळत होते. पण सासऱ्यांचा आवाज तो हजारांत ओळखेल असा झाला होता. टेकाडावर खणाखणी चालली. मग तो क्षण आला, सेनापतीला घाव बसला. माळावर शांतता पसरली. आता भाषण.

भाषण आलंच नाही.

त्याऐवजी धप्पकन आवाज झाला आणि सासरे टेकाडावरून घरंगळत जावयाच्या शेजारी येऊन पडले. हे तालमीत नव्हतं. लोकांना मात्र भलतंच आवडलं. आधी एक हुंदका, मग टाळ्यांचा नुसता पाऊस.

जावयाला सासऱ्यांचा चेहरा आता दिसला, हातभर अंतरावर. ओठ हलत होते.

"गोळी," सासरे म्हणाले.

ऐकून जावयाला काय वाटलं असेल? खोटं कशाला सांगू, त्याला आनंद झाला. आत्ता सापडला म्हातारा! एवढा काटेकोर, एवढा जाणता, आणि ऐन लढाईत म्हणतो गोळी लागली! दातवाल्यानंही ऐकलं असेल. आता सोला म्हणावं कांदे, सेनापती! हसू दाबताना त्याच्या पोटाला पीळ पडला.

"गोळी... गोळी दे..."

दे?

हसू जागच्या जागी मेलं. लागलेली गोळी कुणी मागत नाही. ह्या लढाईत बंदूकच नाही, आणि हे म्हाताऱ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हा माणूस मरेल पण चुकीचा शब्द बोलणार नाही. म्हणजे हा बोलतोय ते त्या काळातलं नव्हेच. हा आजचा बोलतोय. छातीतलं बोलतोय.

गोळी? गोळी पेटीत. पेटी कुलपात. आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

त्यानं ओरडायचं ठरवलं, तर त्याला फिदीफिदी हसणारे चेहरे आठवले. चुकलो तर? हाही अभिनय असला तर? एवढ्या लोकांपुढे लढाई मोडली तर म्हातारा जन्मात तोंड बघणार नाही. मग त्यानं सासऱ्यांचा हात धरला. हात घामानं थबथबलेला आणि बर्फ.

"चष्मा!" जावई ओरडला. "चष्मा! चष्मा!"

जवळपास पडलेल्या मढ्यांत खसखस पिकली.

"परत पडला वाटतं," एक मढं म्हणालं.

"सापडेल रे नंतर. मर आता गुपचूप," दुसरं म्हणालं.

हे राम! ज्या शब्दावर सगळ्यांचा जीव अवलंबून, तो शब्द त्यानंच आधी वाया घालवला होता. आता दुसरा शब्द आणायचा कुठून? तो ओरडत राहिला, ढोल वाजत राहिला, आणि लोक म्हणत राहिले, किती छान रडतोय तो पोरगा.

तेव्हा जावयानं ती गोष्ट केली, जी त्या मैदानावर कुणी कधी केली नव्हती. मेलेला जावई उठला.

छातीत बाण, अंगरखा लालभडक, डोळ्यांना धड दिसत नाही, अशा अवतारात तो धावत सुटला. तंबू कुठंसा त्या बाजूला, पिवळा रंग दिसतो तिकडे. गर्दीतून एकच किंकाळी उठली. शत्रूचे शिपाई क्षणभर दचकले, पण खेळ मोडता कामा नये ना! एकानं लगेच पुढं होऊन त्याच्या पोटात भाला टेकवला. "मर!"

"मेलोय मी आधीच! बाजूला व्हा!"

दुसऱ्यानं पाठीत तलवार हाणली. बोथट असली तरी लोखंडच ते, कळ मस्तकात गेली. जावई पडला, उठला, पुन्हा पळाला. मग दातवाला आडवा आला, मिशीवर ताव देत.

"हे भूत कुठलं रे?" तो गर्दीला ऐकू जाईल असा गरजला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जावईबापू, काय चाललंय काय? पडा खाली!"

"सेनापती खरंच मरतायत! हृदय! तुम्ही डॉक्टर आहात ना? जा तिकडे!"

"मी दातांचा—"

"ज्याचे असाल त्याचे असा, पण जा!"

आपण कुणावर ओरडतोय ह्याचंही त्याला भान नव्हतं. तंबूशी झडतीबाई दोन्ही हात पसरून उभ्या. "मेलेल्यांना आत यायला बंदी आहे."

"बाई, गोळ्या द्या. सेनापतींच्या गोळ्या."

"गोळ्या? अहो, ह्या लढाईत—"

बोलता बोलता बाई थांबल्या. कोर्टात खोटं बोलणारे चेहरे त्यांनी आयुष्यभर बघितलेले. हा चेहरा खोटा नव्हता. त्यांच्या हातून किल्ली कुलपाला लागेना. पेटी उघडली, चष्मे, घड्याळं, मोबाईल भराभरा मातीत फेकले, आणि ते चकचकीत पाकीट हाती आलं. जावई उलट्या पावली पळाला. बाईंनी तंबूतला ध्वनिक्षेपक ओढून घेतला, आणि जुन्या काळातल्या त्या माळावर आजच्या काळातला आवाज घुमला. "चष्मा! सगळे थांबा! हा चष्मा खरा आहे!"

आणि मग थांबलं सगळं. टाळ्याही थांबल्या. एवढ्या माणसांच्या गप्प होण्याचा आवाज जावयानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि पुन्हा ऐकायची त्याची इच्छा नाही.

दातवाला गुडघे टेकून बसला होता. सासऱ्यांचे ओठ निळे पडलेले. जावयानं गोळी त्यांच्या जिभेखाली सरकवली.

"चिलखत काढा, श्वास कोंडतोय," दातवाला म्हणाला. पण चिलखताला चामड्याच्या वाद्या, आणि वाद्यांना त्या काळातल्या अस्सल गाठी, सासऱ्यांनी स्वतः आवळलेल्या. सुटता सुटेनात. "कापा, कापा!"

कशानं कापणार? भोवती तलवारींचं रान, आणि एकीनं लोणी कापलं जाईल तर शपथ. मोठमोठे योद्धे एकमेकांच्या हातांकडे बघत उभे.

"कांद्याची सुरी!" जावई किंचाळला. "चुलीमागं, पोत्याखाली खोचलीय!"

सुरी आली. वाद्या तुटल्या. चिलखत बाजूला झालं आणि आतून नळांचे नकाशे काढणारा एक बारकासा म्हातारा निघाला, घामानं भिजलेल्या बनियनमधला. जावयाला रडूच आलं.

टपावरच्या चालकाला खाली उतरवून चाकामागं बसवलं आणि रुग्णवाहिका धावत सुटली. रुग्णालयाच्या दारात दोन परिचारकांनी मागचं दार उघडलं, त्यांना आधी दिसला जावई. छातीत बाण, रक्तानं माखलेला. त्यांनी त्याला उचलूनच घेतलं.

"मला नाही, मला नाही!" जावई पाय झाडत ओरडत होता. "मी मेलेला आहे! यांना बघा!"

त्यानं तो बाण स्वतःच्याच हातानं उपटला तेव्हा एक परिचारिका मटकन खाली बसली.

म्हातारा वाचला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गोळी वेळेवर पडली म्हणून, नाहीतर इथं आणून उपयोग नव्हता. बायको आली, बापाच्या पायाशी बसून ढसाढसा रडली, मग उठून बापाला झाप झाप झापलं, आणि मग नवऱ्याकडे वळली. तो वाट बघत होता की आपल्यालाही बसणार. तिनं फक्त त्याच्या अंगरख्याचं भोक बोटानं चाचपलं आणि त्याचा चष्मा त्याच्या नाकावर बसवला. झडतीबाईंनी पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना बोलायची परवानगी मिळाली. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, तो बाजूला सारून पहिलं काय विचारलं असेल?

"भाषण झालं का माझं?"

"नाही, बाबा."

"मेलेला माणूस उठला म्हणे."

जावयानं मान खाली घातली. आता कांदे, त्याला वाटलं.

सासऱ्यांनी खुणेनं त्याला खाटेजवळ बोलावलं. "ते भाषण कुठल्या बखरीत नाही रे. मीच लिहिलेलं. एवढी वर्षं मी त्या माणसाच्या तोंडी घालत आलो. काल कळलं, शब्दच फुटत नाही. एक शब्द आणायला सगळा जीव गोळा करावा लागतो." त्यांनी मुखवटा नाकाशी धरून एक श्वास घेतला. "त्यानं कसलं भाषण केलं असेल! घाबरला असेल बिचारा. मी फार घाबरलो."

बायकोनं तोंडावर पदर धरला होता.

"तू शेजारीच होतास. दिसत होतास मला. आणि मला वाटलं, हा काही उठायचा नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. "मीच तर शिकवलं होतं ना तुला, काय वाट्टेल ते होवो, उठायचं नाही म्हणून."

चिलखत नव्हतं, टोप नव्हता, मैदान नव्हतं, आणि तरी सासरे त्याला तू म्हणत होते. जावयाला काहीतरी म्हणायचं होतं, असू द्या बाबा, झालं गेलं, असलं काहीतरी. पण कालपासून पळत असलेले त्याचे पाय आत्ता कुठं थांबले होते. डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि तो खाटेच्या कडेनं घसरत थेट फरशीवर बसला.

"अरे! अरे, पडला पोरगा!" सासऱ्यांनी मुखवटा उपटून फेकला आणि कालपासून उरला होता नव्हता तो सगळा जीव एकवटून ओरडले, "चष्मा! अहो, कुणी आहे का? चष्मा! चष्मा!"

परिचारिका धावत आली. तिनं खाली बसलेल्या जावयाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं.

"आजोबा, असं ओरडायचं नाही," ती मुखवटा परत बसवत म्हणाली. "चष्मा त्यांच्या नाकावरच आहे."